सातवा प्रवेश, अकराव्यांदा

जिमखान्यामागच्या हॉलमध्ये
कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून आम्ही पूर आणला.
निळी चादर नको, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.
पाणी म्हणजे शिवानीनं छातीशी उचलून धरलेले हात,
आणि म्हैस म्हणजे अझहर,
जो दर वेळी हसतो
आणि मग सॉरी म्हणतो.

नाटक कुणा एकाचं नाही.
चिखलीत, आंबेवाडीत, पार शिरोळकडं फिरून
मोबाईलवर भरून आणलेल्या आवाजांतून वेचलेलं.
फक्त हे स्वगत माझं.
बाई छपरावर चढण्याआधी म्हशीचं दावं सोडते
आणि तिला बावीस ओळी सांगते.
बावीस. मोजल्यात मी.
त्यातली नववी तर मला झोपेतही आवडते.

शिवानी म्हणते, "मी सोडते तुला, माझ्या दारच्या लक्ष्मी,"
आणि रडते. दर वेळी, त्याच शब्दावर,
नळ सोडल्यासारखी.
प्रवेश थांबला की नाक पुसत विचारते,
"मी परत करतो की. पर चुकतंय काय, सांग."
नाटकात करते, नाटकाबाहेर करतो.
तिच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी अशाच बोलतात,
आणि मी तिच्या तोंडात
कुणाची तरी पुण्याची मावशी बसवलेली.

तरी मी म्हणालो, आवाज खाली. म्हणालो, पॉज घे.
म्हणालो, पाठ करून उभी राहा.
खुर्ची आणली, खुर्ची काढली.
अझहरला बसवलं तर म्हैस बुडाल्यासारखी दिसली,
उठवलं.
साडेआठला वडापाव आला, तसाच गार झाला.

तेव्हा सुकुमार बोलला.
सुकुमार मगदूम, लाइटवाला. दोन महिन्यांत
"बल्ब गेलाय" सोडून काही बोलला नव्हता.
शिडीवरूनच म्हणाला,
"दावं असं सुटत न्हाई."

आम्ही वर बघितलं.
तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडं बघत होता.
"घायपाताचं हुतं आमचं. भिजलं की फुगतंय.
गाठ दगड हुत्या.
त्यात मेख पाण्याखाली. दिसत न्हाई, चाचपायची.
आई दातानं सोडत हुती.
बोलायला तोंड मोकळं कुठं हुतं?"

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
"सुटली काय मग?" अझहरनं विचारलं.
सुकुमार म्हणाला,
"ह्या कोपऱ्यात अंधार पडतोय. अजून एक लाइट लागंल."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून दावं आणलं,
संडासातल्या बादलीत दिवसभर बुडवून ठेवलं.
मेख नव्हती म्हणून खिडकीच्या गजाला,
खालच्या, जमिनीलगतच्या गजाला बांधलं.
गाठ सुकुमारनंच मारली. कुणाला मारू दिली नाही.

शिवानी पालथी पडली.
गाल फरशीला, दात गाठीत.
थू करून धागे बाहेर, परत दात.
रडायला आली नाही, वेळच नव्हता.
दुसऱ्या टोकाला अझहर ओढला जात होता,
एका क्षणी नकळत हात टेकले त्यानं जमिनीवर
आणि हसला नाही.
चार मिनिटं. सात. मध्येच ती पुटपुटली,
"थांब गं, थांब, सोडतो,"
हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

मी पेन्सिल काढली. एकवीस ओळी खोडल्या.
नववी वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतली,
लागेल कुठंतरी.
मग तीही खोडली, पण हलकी,
वाचता येईल इतपत.

रजिस्टर घेऊन बसलेल्या ऋतुजानं विचारलं,
"ह्या प्रवेशाला वेळ किती लिहू?"
कुणी काही बोललं नाही.

दारात वॉचमन किल्ल्या वाजवत उभा.
गाठ सुटली नव्हती.
कात्री होती ऋतुजाच्या पर्समध्ये,
तिनं काढली, सुकुमारकडं बघितलं, परत ठेवली.
दावं तसंच गजाला ठेवून आम्ही हॉल बंद केला.

सकाळी कॅरमला येणारी पोरं विचारतील,
इथं काय बांधलं होतं.